वरोऱ्याचा वकील आणि महारोगाचें कोडें

१९४९ च्या सुमारास तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील वरोरा येथें वकिली केलेले एक गृहस्थ महारोगाचे उपचार शिकण्यासाठीं कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयांत दाखल झाले. मुरलीधर देविदास आमटे हें त्यांचें नांव. पुढें लोक त्यांस बाबा आमटे म्हणूं लागले. महारोगाचा जंतु प्रयोगशाळेंतील काचपात्रांत वाढत नसे. आजतागायत तो तसा वाढलेला नाहीं. संशोधकांची मोठी अडचण तीच होती. आमट्यांनीं जंतु वाढविण्यासाठीं स्वतःचेंच शरीर देऊं केलें. जंतु टोंचले गेले. पण ते रुजले नाहींत, आणि प्रयोग फसला.

हें अपयश नीट पाहण्यासारखें आहे. नॉर्वेच्या हान्सेनला १८७३ सालीं हा जंतु दिसला, तेव्हांपासून रोग आनुवंशिक आहे ही समजूत ढळूं लागली व संसर्गाच्या भीतीनें तिची जागा घेतली. हिंदुस्थानांत १८९८ सालीं कायदा झाला आणि भीक मागणाऱ्या निराधार महारोग्यास पकडून कोंडण्याचा अधिकार सरकारास मिळाला. (सधन रोग्यास हा कायदा फारसा शिवत नसे!) जंतु शिरला कीं माणूस बुडाला, असें सारे धरून चालले होते. वस्तुस्थिति अशी कीं, शंभरांतील ९५ हून अधिक माणसांची प्रतिकारशक्ति या जंतूस थाराच देत नाहीं.

उरलेल्यांची कथा चमत्कारिक आहे. हा जंतु अत्यंत मंद. एकाचे दोन व्हावयास त्याला १२ ते १४ दिवस लागतात, आणि विष म्हणावें असें तो कांहीं सोडीत नाहीं. मग बोटें वांकडीं कशानें होतात? बऱ्याच अंशीं रोग्याच्या स्वतःच्याच प्रतिकारानें. जपानच्या मित्सुदानें १९१९ सालीं मारलेले जंतु त्वचेंत टोंचून पाहिले. ज्यांना थोडेच चट्टे होते, त्यांच्या त्वचेवर तीन-चार आठवड्यांनीं गांठ उठली. ज्यांचें सर्वांग रोगानें व्यापलें होतें, त्यांची त्वचा स्वस्थ राहिली. पहिल्यांचा देह जंतूशीं झुंजत होता, दुसऱ्यांचा देह त्याला ओळखीतच नव्हता. १९६६ सालीं रिडले व जॉपलिंग यांनीं या दोन टोकांमधील सर्व अवस्थांची पांच पायऱ्यांत मांडणी केली. परंतु झुंजणारा देहही सुखरूप राहत नाहीं. जंतु मज्जातंतूंत दडून बसतो, आणि त्याच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी मज्जातंतूचाच दाह करतात.

कधीं कधीं औषध सुरू असतांना, किंवा तें संपल्यावरही, हा दाह एकाएकीं भडकतो. चट्टे लाल होतात, कोपराजवळचा तंतु ठणकूं लागतो, आणि थोड्याच दिवसांत हाताची पकड जाते. औषधच बाधलें, असें वाटून रोगी तें सोडून देतो! वास्तविक दाह शमविणारें औषध त्याला तत्काळ हवें असतें. १९६४ च्या सुमारास जेरुसलेमच्या शेस्किन या डॉक्टरनें दुसऱ्या प्रकारच्या दाहाच्या एका रोग्यास झोंप यावी म्हणून थॅलिडोमाइड दिलें, आणि दाहच ओसरला. अर्भकें अपंग जन्मास घातल्यामुळें बदनाम झालेलें तें औषध येथें उपयोगीं पडलें.

चांद्याच्या अरण्यांत ‘तत्काळ’ हा शब्द अवघड होता. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. पण पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडची वाट बंदच होई. दाह मात्र पूर ओसरण्याची वाट पाहत नाहीं. बधिर हात चुलीवर भाजतो, बधिर पायांत कांटा मोडतो, आणि जंतु मेल्यानंतरही व्यंग राहतें. गांव व्यंग पाहून निवाडा करी. रोग बरा झालेला माणूसही घरीं परत घेतला जात नसे.

म्हणून आमट्यांनीं औषधाबरोबर वस्तीही उभी केली. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानांत आनंदवन सुरू झालें. १९५१ च्या जूनमध्यें विनोबांनीं त्याचें उद्घाटन केलें. साधनाताई व दोन लहान मुलें तेथेंच रोग्यांबरोबर राहिलीं. आमट्यांचें निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजीं आनंदवनांतच रक्ताच्या कर्करोगानें झालें. महारोग त्यांना कधींच झाला नाहीं. १८९८ चा कायदा रद्द व्हावयास मात्र २०१६ साल उजाडावें लागलें.