तिजोरीची किल्ली

तलवार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती तिजोरीची किल्ली असू नये, हा धडा इंग्लंड सतराव्या शतकात बरेच रक्त सांडून शिकले. शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून फौज बाळगणे १६८९ मध्ये बेकायदा ठरले. त्याच वर्षी लष्करी शिस्तीचा कायदाही मुद्दाम अल्प मुदतीचा केला गेला. मुदत संपली की राजाने पुन्हा पार्लमेंटच्या दारी यावे, हा हेतू. अमेरिकेच्या घटनाकारांनी हा धाक वारशाने घेतला. १७८७ च्या घटनेनुसार भूसेनेसाठीची कोणतीही आर्थिक तरतूद दोन वर्षांहून अधिक काळाची असू शकत नाही.

परंतु सीमेवरील पहारेकरी म्हणजे सैन्य नव्हे. २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००२ च्या कायद्याने, बावीस कार्यालये एकत्र करून तेथे अंतर्गत सुरक्षेचे नवे खाते उभे राहिले. सीमा, स्थलांतर, विमानतळांवरील तपासणी आणि तटरक्षक दल, सारे एका छपराखाली आले. या खात्याला दोन वर्षांचे बंधन नाही. त्याच्यावर अंकुश राहिला तो दरवर्षीच्या विनियोजन विधेयकाचा.

हा अंकुश कसा बोथट झाला, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात तेथील खाती वर्षाचा पैसा काही महिन्यांतच उधळीत आणि मग काँग्रेसपुढे हात पसरीत. त्याला आळा घालणाऱ्या १८८४ च्या तरतुदीने सरकारला फुकट सेवा स्वीकारण्यास मनाई केली. अपवाद एकच: जीवित वा मालमत्ता यांवर आकस्मिक संकट आले तर. पुढे जवळजवळ शतकभर निधीत खंड पडला तरी कचेऱ्या चालूच राहत. १९८० मध्ये महाधिवक्ता बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अक्षरशः अर्थ लावला: मंजुरी नाही तर काम बंद. आपल्याकडे अशा वेळी लेखानुदान मंजूर होते. तेथे मात्र तडजोड फिसकटली की टाळे लागते.

सुरक्षा खात्याला हे टाळे लागत नाही, कारण त्याचे बहुतेक काम त्या अपवादात बसते. काम चालूच राहते, थांबतो तो पगार. डिसेंबर २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ५.७ अब्ज डॉलर मागितले, ते मिळेनात, आणि ३५ दिवस सरकार अडून राहिले. तटरक्षक दलाच्या जवानांचा पगार त्या जानेवारीत चुकला. सशस्त्र दलावर निधीच्या खंडामुळे अशी पाळी येण्याचा तेथला हा पहिलाच प्रसंग. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! कोंडी फुटली ती हवाई वाहतूक नियंत्रकांची गैरहजेरी वाढून न्यूयॉर्कच्या विमानतळावर खोळंबा झाला, त्या दिवशी. काँग्रेसने अखेर १.३७५ अब्ज दिले. राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी पुकारून लष्करी बांधकामांचा पैसा भिंतीकडे वळवला. 'नाही' म्हणण्याच्या अधिकाराला एवढाच अर्थ उरला.

जुलै २०२५ च्या कायद्याने तर वार्षिक फेराच चुकवला, असे आमचे मत आहे. भिंतीसाठी ४६.५ अब्ज आणि स्थलांतरितांच्या बंदिगृहांसाठी ४५ अब्ज डॉलर एकदम मंजूर झाले, आणि ते सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येणार आहेत. भूसेनेला जे घटनेने नाकारले, ते सीमारक्षकांना साध्या बहुमताने मिळाले.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सरकार पुन्हा ४३ दिवस अडले. या वेळी सीमेवरील आणि स्थलांतर खात्यातील सशस्त्र अधिकाऱ्यांचे पगार जुलैच्या त्या निधीतून झाले. विमानतळांवर प्रवाशांच्या पिशव्या तपासणारे त्याच खात्याचे कर्मचारी मात्र बिनपगारी उभे होते.