विलगीकरणाचा विलंबित प्रवेश : सागरी जलजीवालयाच्या इतिहासातील नवागत प्रवाळ व अपृष्ठवंशीय जीव

प्रास्ताविक

प्रवाळांचे जलजीवालय हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी परका वाटण्याची शक्यता आहे. तथापि जलजीवालयात नवा प्रवाळ, नवा शंख किंवा नवे समुद्रपुष्प सोडण्यापूर्वी ते काही काळ स्वतंत्र टाकीत ठेवावे, हा आज सर्वमान्य असलेला नियम केव्हा आणि का अस्तित्वात आला, हा प्रश्न निश्चितपणे इतिहासाचा आहे. मानवी साथींच्या संदर्भात ही कल्पना फार जुनी आहे. एड्रिॲटिक किनाऱ्यावरील रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या नगरराज्याने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबविण्याचा आदेश काढला. व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर कायमस्वरूपी प्लेग-रुग्णालय उभारले. पुढे तिसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतील 'चाळीस' या संख्येवरूनच 'क्वारंटाईन' हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगनंतर हा शब्द धाक आणि सक्ती घेऊन घराघरात पोहोचला. 'विलगीकरण' हा मराठी पर्याय मात्र सर्वांच्या तोंडी बसला तो २०२० मध्ये.

सागरी जलजीवालय १८४० च्या दशकात जन्माला आले. म्हणजे त्या वेळी बंदरांवरील विलगीकरणाला साडेचार शतके होऊन गेली होती. असे असताना जलजीवालयाने, आणि त्यातही अपृष्ठवंशीय जीवांच्या बाबतीत, हा विचार इतक्या उशिरा का स्वीकारला? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, याचे कारण केवळ अज्ञान नव्हते. जलजीवालय ज्या 'समतोला'च्या कल्पनेवर उभे राहिले, त्या कल्पनेतच नवागताकडे उपकारकर्ता म्हणून पाहण्याची सवय दडलेली होती.

समतोलाची कल्पना

१८४६ च्या शरद ऋतूत ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ एका बरणीत घालून लंडनला आणले. त्यांचे पती वेस्टमिन्स्टर ॲबी येथे धर्माधिकारी होते. प्रवासात प्रवाळांना इजा होऊ नये म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले होते. लंडनमध्ये समुद्राचे ताजे पाणी मिळविणे खर्चाचे व जिकिरीचे होते. म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतून त्यात हवा मिसळली जाई. हे काम अर्थातच घरातील मोलकरणीच्या वाट्याला येई. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव कोठेही नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. पुढील वर्षी बाईंनी पाण्यात सागरी शैवल सोडले, आणि हवा मिसळण्याचे बरेचसे काम त्या वनस्पतींनी आपल्याकडे घेतले. त्यांचा वृत्तांत १८५९ मध्ये, म्हणजे जलजीवालयाची लाट बरीच पुढे गेल्यावर, प्रसिद्ध झाला.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात असाच प्रयोग केला. सोनमासा आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्यावर कुजणाऱ्या पानांमुळे पाणी बिघडू लागले. त्याने त्यात गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

हे दोन्ही प्रसंग तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, दोन्हींत बिघडत चाललेली व्यवस्था बाहेरून आलेल्या जीवाने सावरली. थिनबाईंकडे शैवल आले, वॉरिंग्टनकडे गोगलगाय आली, आणि दोघांचेही काम भागले. ज्या शास्त्राच्या जन्मकथेत नवागत हा असा तारणहार असतो, त्या शास्त्राला नवागताची झडती घेण्याची गरज लवकर भासत नाही.

१८४५ मध्ये इंग्लंडमधील काचेवरील कर रद्द झाल्याने काच स्वस्त होत गेली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय खुले झाले. त्यासाठी समुद्री जीव पुरविणाऱ्या फिलिप हेन्री गॉस यांचा ग्रंथ १८५४ मध्ये आला आणि मध्यमवर्गात सागरी टाक्यांचे अक्षरशः वेड पसरले. किनाऱ्यांवरील खडकातली डबकी त्यामुळे ओस पडली, याची खंत गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मधील आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. म्हणजे या छंदाने समुद्राची हानी होते, ही जाणीव होती. एका टाकीतील जीव दुसऱ्या टाकीची हानी करू शकतो, ही जाणीव त्या मानाने क्षीण राहिली. १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी उभारलेल्या मत्स्यालयात जमिनीखालील अंधाऱ्या हौदातून सर्व टाक्यांना पाणी खेळविले जाई. पाण्याची शुद्धता राखण्याच्या दृष्टीने ही योजना उत्कृष्ट होती. रोगप्रसाराच्या दृष्टीने पाहता मात्र तिने सगळ्या टाक्या एका सूत्रात बांधल्या.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. जलजीवालयाची थोरली बहीण म्हणता येईल अशी नॅथॅनिएल वॉर्ड यांची काचपेटी १८३३ मध्ये रोपे घेऊन ऑस्ट्रेलियाला गेली आणि पुढे साम्राज्यभर फिरली. तिच्यातील मातीबरोबर किडी आणि बुरशीही प्रवास करीत. त्याचा फटका शेतीला, म्हणजे पर्यायाने महसुलाला, बसू लागताच कायदे आले. अमेरिकेत १९१२ मध्ये वनस्पती विलगीकरणाचा कायदा झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ मध्ये विनाशक कीटक व कीड अधिनियम झाला. दिवाणखान्यातील टाकीत एखादे समुद्रपुष्प मेले, तर सरकारचे काहीच बुडत नव्हते.

जिवंत खडक

१९६१ मध्ये जकार्ताचे ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात सागरी मासे व प्रवाळ 'निसर्गाच्या पद्धतीने' सांभाळण्याची रीत मांडली. समुद्रातून काढलेले, सूक्ष्मजीवांनी व लहानमोठ्या प्राण्यांनी भरलेले प्रवाळी खडक टाकीत रचावेत आणि हवेचे बुडबुडे सोडावेत, एवढेच त्यांचे तंत्र होते. आजच्या प्रवाळ-जलजीवालयांचा पाया हाच 'जिवंत खडक' आहे. समतोलाच्या कल्पनेचा हा कळसच म्हणावा लागेल, कारण येथे नकळत आलेला प्रवासी हाच व्यवस्थेचा आधारस्तंभ ठरला. परंतु त्याच खडकाच्या फटींतून काचेसारखी पारदर्शक, तोडली असता तुकड्यांतून पुन्हा उगवणारी समुद्रपुष्पे आली, प्रवाळ कुरतडणारे खेकडे आले. शाखायुक्त प्रवाळांवर जगणारा एक चपटा कृमी तर त्या प्रवाळाच्या रंगात इतका मिसळून जातो की शेजारी बसूनही दिसत नाही. जलजीवालय बाळगणारे हौशी लोक त्याच्या नावाने वर्षानुवर्षे बोटे मोडत होते. विज्ञानाने त्याचे रीतसर वर्णन व नामकरण केले ते २०११ मध्ये.

मोरचूद आणि काळ

माशांच्या बाबतीत रोगाशी लढण्याचे एक हत्यार उपलब्ध होते, ते म्हणजे तांबे. सागरी माशांच्या त्वचेवर पांढरे ठिपके उठविणाऱ्या एकपेशीय परजीवीचे वर्णन जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये केले होते. १९५१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या सभेत त्याला 'क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स' हे नाव दिले. पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडणारी संस्था तीच, हा योगायोग लक्षणीय आहे. मोरचुदासारख्या तांब्याच्या क्षारांची योग्य मात्रा पाण्यात ठेवली असता हा परजीवी आटोक्यात येतो. मात्र जी मात्रा माशाला सोसते, ती प्रवाळ, शंख, कोळंबी यांना मारक ठरते.

प्रवाळाला स्वतःला हा रोग होत नाही. अडचण वेगळीच आहे. परजीवी माशाचे शरीर सोडून तळाशी जातो, कठीण पृष्ठभागाला चिकटतो आणि कवच धारण करतो. प्रवाळाचा दगडी तळ किंवा शंखाची पाठ त्याला पुरेशी होते. कवचातून नवी पिढी बाहेर पडण्यास तीन दिवसांपासून बहात्तर दिवसांपर्यंत कितीही काळ लागू शकतो, असे प्रयोगांतून आढळले आहे. चपट्या कृमीचेही असेच आहे. औषधी द्रावणात प्रवाळ बुडविला की कृमी गळून पडतात, पण उघड्या सांगाड्यावर घातलेली अंडी तशीच राहतात. अशा स्थितीत माशांविरहित टाकीत नवागताला ठेवून वाट पाहणे आणि ठरावीक अंतराने भिंगाखाली तपासणे एवढेच हाती उरते. येथे विलगीकरण आपल्या मूळ अर्थाला येऊन मिळते. रागुसाच्या अधिकाऱ्यांकडेही प्लेगवर औषध नव्हते. त्यांच्याकडे फक्त दिवस होते. आजचा जाणकार प्रवाळपालक अडीच महिने थांबतो, म्हणजे जवळजवळ दोन 'चाळिशी'!

अपृष्ठवंशीयांच्या विलगीकरणाला सरकारी व्यवस्थेचे स्वरूप आले, तेथेही आर्थिक नुकसान आधी झालेले दिसते. भारतात १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्याच, पण विषाणुजन्य अशा वेगळ्या रोगाने कोळंबीची शेती उद्ध्वस्त केली. परदेशी व्हेनामी कोळंबीच्या पैदाशीला परवानगी देताना मात्र २००९ मध्ये चेन्नईजवळ नीलांकराई येथे खास विलगीकरण केंद्र उभारण्यात आले आणि आयात होणारी प्रजनक कोळंबी तेथूनच पुढे पाठविण्याचे बंधन घालण्यात आले. प्रवाळांबाबत आपला कायदा वेगळ्या मार्गाने गेला. २००१ पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्याचा रोख समुद्रातून काढण्यावर आहे. टाकीतून समुद्रात काय जाते, हा त्याचा विषय नव्हे.

उलट दिशेचा प्रवास

हा दुसरा प्रश्न किती गंभीर आहे, हे मोनॅकोत दिसून आले. स्टुटगार्ट येथील विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयात वाढविलेले 'कॉलर्पा टॅक्सिफोलिया' हे सुंदर, हिरवेगार शैवल मोनॅकोच्या सागरविज्ञान संग्रहालयात पोहोचले. १९८४ मध्ये संग्रहालयाच्या पायथ्याशी समुद्रात त्याचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. पाच वर्षांत तो सुमारे एक हेक्टर झाला. शास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेज यांनी धोक्याची सूचना दिली. संग्रहालयाच्या बाजूने मात्र हे शैवल नैसर्गिकरीत्या आले असावे, असा युक्तिवाद करण्यात आला. १९९८ मधील जनुकीय अभ्यासाने ते जलजीवालयातीलच असल्याचे दाखविले, तोवर आवर घालण्याची वेळ टळली होती. २००० च्या अखेरीस सहा देशांच्या किनाऱ्यांवर सुमारे १३१ चौरस किलोमीटर समुद्रतळ त्याने बाधित झाला होता. पुढील काळात अनेक ठिकाणी ते आपोआप ओसरले, परंतु त्याचे श्रेय मानवी उपायांना देता येत नाही. जून २००० मध्ये हेच शैवल कॅलिफोर्नियातील एका खाडीत आढळताच तेथील यंत्रणेने त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडला. २००६ मध्ये उच्चाटन झाल्याचे घोषित होईपर्यंत सुमारे सत्तर लाख डॉलर खर्च झाले होते. थिनबाईंना तारणारे शैवल होते, आणि मोनॅकोत सुटले तेही शैवलच.

२०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळांच्या ऊती झपाट्याने नष्ट करणारा रोग प्रथम दिसला आणि तो फ्लोरिडाच्या प्रवाळभित्तीवर पसरत गेला. तेव्हा रोगाची आघाडी पोहोचण्यापूर्वीच निरोगी प्रवाळ काढून ते अमेरिकेच्या अनेक राज्यांतील मत्स्यालयांत हलविण्यात आले. कित्येक प्रवाळ समुद्रापासून शेकडो मैल दूर अशा टाक्यांत ठेवले गेले. येथे समुद्र हे रोगग्रस्त बंदर झाले आणि काचेची टाकी हे सुरक्षित बेट. त्या टाक्यांत सोडण्यापूर्वी प्रत्येक प्रवाळ निराळा ठेवून तपासावा लागला, आणि त्यांना किंवा त्यांच्या संततीला समुद्रात परत नेतानाही आधी आरोग्यतपासणी करावी लागते.