रिसेप्टर कुलूप नाही

सर्दीने नाक गळायला लागले की मेडिकलमधून सेट्रिझिनची पट्टी आणायची आणि रात्री झोपताना एक गोळी घ्यायची, हे आपल्याकडे घरोघरी चालते. ती गोळी शरीरात नेमके काय करते, असे औषधशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. उत्तर ठरलेले आहे. हिस्टामिन ही किल्ली, पेशीवरचा एच-१ रिसेप्टर हे कुलूप. सेट्रिझिन कुलपात आधीच जाऊन बसते, म्हणून खरी किल्ली आत शिरत नाही. फार्मसीच्या वर्गात मीही कित्येक वर्षे फळ्यावर हेच चित्र काढले. आज माझे मत असे आहे की हे चित्र चूक आहे. अपुरे म्हणून सोडून देण्याइतकी ही चूक लहान नाही. या एका चित्रामुळे पेशी निरोप कसा घेते हा सगळा विषयच विद्यार्थ्याच्या डोक्यात उलटा बसतो.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो, कारण तो लेचापेचा नाही. कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर यांनी १८९४ साली दिली, तीही एन्झाइमसाठी. पुढे १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली यांनी निकोटिन आणि क्युरारे यांच्या प्रयोगांवरून असे मांडले की स्नायूच्या पेशीत औषधाला झेलणारा काही खास पदार्थ असलाच पाहिजे. १९४८ मध्ये रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांनी अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीच्या औषधांचे परिणाम तपासून अल्फा आणि बीटा असे दोन रिसेप्टर मानले. त्याच धाग्यावरून जेम्स ब्लॅक यांनी बीटाची जागा अडवणारा रेणू शोधला आणि प्रोप्रॅनोलॉल हाती आले. एकाच रेणूची डावी आणि उजवी रूपे घेतली तर एक जोरात काम करते, दुसरे जेमतेम. आकार जुळल्याशिवाय असे होणार नाही. ज्या कल्पनेने हृदयरोग्यांचे प्राण वाचवणारी औषधे दिली, ती टाकून का द्यायची, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर असे. रेणू रिसेप्टरला कुठे आणि का चिकटतो, एवढ्यापुरती उपमा खरी आहे. चिकटल्यानंतर काय होते, याबद्दल ती जे सांगते ते खोटे आहे. आणि निरोप म्हणजे तर चिकटल्यानंतरचीच गोष्ट.

एच-१ आणि बीटासारखे, जी-प्रोटीनला जोडलेले रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली प्रथिनाची एकेक साखळी. माणसात असे सुमारे ८०० आहेत, त्यांतले जवळपास निम्मे वासासाठी. वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे याच कुळावर काम करतात. साखळीचे बाहेरचे तोंड संप्रेरक किंवा औषध पकडते. आतल्या बाजूला तीन घटकांचे जी-प्रोटीन येऊन टेकते, जवळचा जीडीपी हा छोटा रेणू सोडते, त्याच्या जागी जीटीपी घेते आणि मग पुढच्या एन्झाइमना कामाला लावते. पाठ्यपुस्तक म्हणते, किल्ली फिरली की ही सगळी साखळी सुरू होते.

आता पहिली अडचण. किल्ली एक तर कुलूप उघडते, नाही तर उघडत नाही. पण ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे मॉर्फिनच्या रिसेप्टरला मॉर्फिनपेक्षाही घट्ट धरतात आणि तरी काम मात्र अर्धवटच करतात. सगळे रिसेप्टर भरून गेले तरी पूर्ण परिणाम मिळत नाही. आरियन्स यांनी १९५४ मध्ये आणि स्टीफन्सन यांनी १९५६ मध्ये हे ओळखून ठेवले होते की चिकटण्याची ताकद आणि काम करवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलपाच्या भाषेत या दुसऱ्या ताकदीला शब्दच नाही.

दुसरी अडचण मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. स्टॅनफर्डच्या ब्रायन कोबिल्का यांच्या चमूने २०११ साली बीटा-२ रिसेप्टरच्या पोटात एक उत्तेजक रेणू नुसता ठेवला नाही, तर रासायनिक बंधाने कायमचा जखडून टाकला. सुटून जाण्याची सोयच ठेवली नाही. मग त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहिली. किल्ली कुलपात झाळून टाकली होती, आणि रिसेप्टर जवळपास तसाच होता जसा तो शांत असताना असतो! त्याच वर्षी त्यांनी याच रिसेप्टरची जी-प्रोटीनसकट रचना मिळवली. तिथे आवरणातून आरपार जाणाऱ्या सात सर्पिलांपैकी सहाव्याचे आतले टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेले दिसले. रेणूंच्या जगात ही मोठी उलथापालथ आहे. म्हणजे रिसेप्टर पुरता उघडायला बाहेरचा रेणू पुरत नाही. आतून जी-प्रोटीनचा हात लागावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती स्फटिकांच्या कितीतरी आधी कळली होती. रिसेप्टर असलेल्या आवरणांच्या नमुन्यात जीटीपी घातला की उत्तेजक रेणूची पकड सैल होते. नुसत्या अडवणाऱ्या रेणूची तशी होत नाही. जीटीपी काम करतो आत, जी-प्रोटीनवर, आणि पकड बदलते बाहेर. डी लीन, स्टॅडेल आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी १९८० मध्ये यावरून संप्रेरक, रिसेप्टर आणि जी-प्रोटीन असा तिघांचा मिळून एक संच मांडला. दाराआड कोण उभे आहे यावर किल्ली किती घट्ट बसेल हे ठरते, असे कुलूप मी तरी पाहिलेले नाही.

तिसरी अडचण कुलपाच्या मुळावरच येते. किल्ली नसलेले कुलूप बंदच असणार, हे त्या उपमेचे गृहीतक आहे. १९८९ मध्ये तोमासो कोस्टा आणि आल्बर्ट हेर्झ यांनी ओपिऑइड रिसेप्टर असलेली पेशीआवरणे घेतली. त्यांत कुठलेही ओपिऑइड नव्हते, तरी जी-प्रोटीन हलत होते. एरवी 'अडवणारे' म्हणून ओळखले जाणारे काही रेणू घातल्यावर ती हालचाल कमी झाली. अडवायला समोर काही नसताना ते अडवत कशाला होते? रिसेप्टरच्या स्वतःच्या चालीला. अशा रेणूंना आता इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. नंतर १९९२ मध्ये लेफ्कोविट्झ आणि कोटेक्किया यांच्या गटाने अल्फा-१बी रिसेप्टरमधला फक्त एक अमिनो आम्लाचा दुवा, २९३ क्रमांकाचा, बदलून पाहिला. तिथल्या अ‍ॅलॅनिनऐवजी उरलेली १९ च्या १९ अमिनो आम्ले आळीपाळीने बसवली. प्रत्येक वेळी रिसेप्टर किल्लीशिवाय अधिक काम करू लागला. एकही अपवाद नाही. शांत राहणे ही रिसेप्टरची आपोआपची अवस्था असती, तर असे झाले नसते. ती शांतता आतल्या बंधांनी मुद्दाम धरून ठेवलेली असते, आणि एक दुवा ढिला झाला की सुटते.

इथे एक जाणकार आक्षेप येतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत रिसेप्टर बेसुमार भरलेले असतात; तिथे दिसणारी ही स्वयंभू चाल शरीरात कशावरून? आक्षेप नीट घेण्यासारखा आहे, पण त्याचे उत्तर माणसांच्या शरीरातच मिळाले आहे. काही कुटुंबांत दोन-चार वर्षांच्या मुलग्यांमध्येच वयात आल्याची लक्षणे दिसतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन मोठ्या माणसाइतके, पण ते बनवायला सांगणारे एलएच हे संप्रेरक मात्र लहान मुलाच्याच पातळीवर. १९९३ मध्ये कारण सापडले: एलएचच्या रिसेप्टरमध्ये एका जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या ऐवजी ग्लायसिन आले होते, आणि रिसेप्टर कुणाच्या सांगण्याशिवाय काम करत होता. त्याच वर्षी थायरॉइडच्या अतिक्रियाशील गाठींमध्येही टीएसएचच्या रिसेप्टरचे असेच बदल आढळले. उलट बाजूचा दाखला २००६ चा. भुकेशी संबंध असलेल्या घ्रेलिनच्या रिसेप्टरमध्ये स्वयंभू चाल मुळात बरीच असते. बुटकेपणा असलेल्या काही कुटुंबांत या रिसेप्टरला घ्रेलिनला उत्तर देता येत होते. गेली होती ती फक्त ही स्वतःची चाल. आणि आपल्या मेंदूत भूक वाढवणारे एजीआरपी नावाचे प्रथिन तर जन्मजात इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट आहे. रिसेप्टर स्वतःहून चालत नसते, तर त्यांना दाबून ठेवणारा रेणू शरीराने कशाला बनवला असता?

याहून जवळचा पुरावा वाचकाच्या डोळ्यांतच आहे. अंधारात पाहणाऱ्या पेशींमधले ऱ्होडोप्सिन हे याच कुळातले. त्याच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेले रेटिनल बांधलेले असते. अंधारात तो रेणू ऱ्होडोप्सिनच्या प्रथिनाला, म्हणजे ऑप्सिनला, गप्प ठेवतो, इतका की एखादे ऱ्होडोप्सिन चुकून आपोआप चेतवले जायला सरासरी शेकडो वर्षे लागावीत. रेटिनल काढून घेतले तर उघडे पडलेले ऑप्सिन मंदपणे का होईना, निरोप देऊ लागते. म्हणजे हे कुलूप किल्ली आत असतानाच बंद राहते! कुळातल्या ज्या रिसेप्टरची रचना सर्वांत आधी, २००० साली, उलगडली तोच ही उपमा उलटी करून दाखवतो.

किल्ली काढली की दार बंद, हेही खरे नाही. निरोप संपतो तो जी-प्रोटीनच्या घड्याळाने: ते जवळचा जीटीपी स्वतःच मोडून जीडीपी करते आणि थंडावते. हे घड्याळ बिघडले की काय होते, ते आपल्या देशाने पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, विष आतड्याच्या पेशीत शिरून जीएस या जी-प्रोटीनला एक रासायनिक तुकडा चिकटवते. जीटीपी मोडण्याची क्रिया थांबते, पेशीत निरोप पुढे नेणारे सायक्लिक एएमपी वाढतच राहते, आणि आतड्यात क्लोराइड व पाणी ओतले जाऊ लागते. रोग जोराचा असेल तर ताशी एक लिटरपर्यंत. या सगळ्यात जी-प्रोटीनच्या रिसेप्टरला कुणी हातही लावलेला नसतो. कॉलऱ्यामागे विष असते, हे १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवले. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचेही याच विषयावरचे काम प्रसिद्ध झाले. आपल्या विद्यार्थ्यांना लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांचे २०१२ चे नोबेल पाठ असते. परळमधले हे काम त्यांच्या कानावरही पडलेले नसते, याची मला खंत आहे.

रिसेप्टरशी आतून बोलणारे जी-प्रोटीन एकटेच नसते, एवढे थोडक्यात सांगतो. अरेस्टिन नावाची प्रथिने चेतलेल्या रिसेप्टरला येऊन चिकटतात, त्याला पेशीत ओढून घेतात, आणि स्वतःचा वेगळा निरोपही पोचवतात. आत ओढला गेलेला रिसेप्टर तिथूनही जी-प्रोटीनला चेतवत राहू शकतो. कार्वेडिलॉल या बीटा-ब्लॉकरने जीएसचा मार्ग दबतो आणि अरेस्टिनचा थोडा जागा होतो, असे २००७ मध्ये दाखवले गेले. एकाच किल्लीने एक दार लागते आणि दुसरे किलकिले होते.

इथे माझ्या पक्षातल्या मंडळींनाही सुनावले पाहिजे. मॉर्फिनचा श्वास मंदावण्याचा धोका अरेस्टिनमुळे आहे, तेव्हा तो मार्ग टाळणारे औषध निर्धोक ठरेल, ही आशा फार घाईने पसरवली गेली. २०२० मध्ये तीन प्रयोगशाळांनी मिळून तपासले, तेव्हा अरेस्टिन नसलेल्या उंदरांचाही श्वास मॉर्फिनने मंदावला. कुलूप सोडले म्हणून हवे ते चित्र काढण्याची मुभा मिळत नाही.

शेवटचा बचाव शिक्षकांचा असतो, आणि तो मला जवळचा आहे: मुलांना सोपे करून सांगावे लागते. जरूर सांगावे. पण सोपे करणे म्हणजे काही भाग गाळणे. नसलेली गोष्ट सांगणे नव्हे. मी आता तराजू काढतो. दांडी सतत हलत असते. एक पारडे शांत अवस्थेचे, दुसरे कामाच्या अवस्थेचे. अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे उत्तेजक रेणू, एका पारड्यात वजन टाकतो, इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट दुसऱ्यात, आणि जी-प्रोटीन आतून दांडीला हात लावून असते. रिसेप्टरच्या अवस्था दोनच नसतात, म्हणून तराजूतही उणीव आहे, आणि ती मी मुलांना त्याच तासाला सांगतो. चित्र काढायला जेवढा वेळ कुलपाला लागायचा तेवढाच लागतो.

जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा कुलूप काढण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहा: आसपास हिस्टामिन नसताना एच-१ रिसेप्टर काय करत असतो? मुलांना विचार करू द्या. मग उत्तर सांगा: तो थोडे थोडे काम करतच असतो, आणि सेट्रिझिन तेही थांबवते.