उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

मे महिन्याच्या सुट्टीत महिनाभर उभी असलेली गाडी जूनमध्ये सुरू होत नाही. दिवे बंद होते, किल्लीही कोणी फिरवली नव्हती. मग बॅटरीतली वीज गेली कुठे? हा प्रश्न जवळजवळ बॅटरीइतकाच जुना आहे.

१८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने गुंडाळून, सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले. वीज सोडली की एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर धरे आणि नंतर तीच वीज परत मिळे. पण थर पातळ, त्यामुळे साठाही थोडाच. कामीय फोर यांनी पत्र्यांवर शेंदराचा लेप दिला आणि हा साठा एकदम वाढला. (होय, मारुतीला लावतात तोच शेंदूर, तो शिशाचेच एक ऑक्साइड.) १८८१ मध्ये फोर यांच्या चार्ज केलेल्या बॅटरीची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्याकडे पाठवण्यात आली. सुमारे तीन दिवसांच्या प्रवासानंतरही तिच्यात वीज शिल्लक होती! वर्तमानपत्रांत मोठा गवगवा झाला. पण तीन दिवस टिकलेली वीज तीस दिवस टिकेल का?

१८८२ मध्ये जॉन हॉल ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब यांनी ‘नेचर’मध्ये या प्रश्नाच्या मुळाला हात घातला. ग्लॅडस्टन हे रसायनशास्त्रज्ञ. लंडनच्या स्कूल बोर्डाचे अनेक वर्षे सदस्य होते आणि शाळेत विज्ञान शिकवावे असा त्यांचा आग्रह असे. साध्या विद्युतघटातील ‘स्थानिक क्रिया’ आपण वर्गात शिकवतोच: अशुद्ध जस्त तार न जोडताही आम्लात झिजत राहते. ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी तीच क्रिया इथे दाखवून दिली. धन पट्टीवर शिसे आणि लेड डायऑक्साइड एकमेकांना चिकटलेले असतात आणि भोवती आम्ल असते. म्हणजे पट्टीवर जागोजागी छोटे, शॉर्ट झालेले घटच तयार होतात. त्यांतून लेड सल्फेट बनते आणि साठा घटतो. गंमत अशी, की हेच अविद्राव्य सल्फेट पृष्ठभागावर बसून पुढच्या झिजेला आवर घालते. नाहीतर ती पेटी ग्लासगोला रिकामीच पोचली असती.

मऊ शिसे ताठ व्हावे म्हणून त्याच सुमारास जाळ्यांत अँटिमनी मिसळू लागले. इलाज उपयोगी, पण महाग पडला. धन जाळीतून विरघळलेला अँटिमनी ऋण पट्टीवर जाऊन बसतो, तिथे हायड्रोजन सुटू लागतो आणि बॅटरी अधिक लवकर उतरते. १९३५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत टेलिफोन केंद्रांच्या बॅटरीसाठी अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरून पाहण्यात आले. मोटारींपर्यंत ते पोचायला १९७० चे दशक उजाडले.

आतली गळती अशी कमी झाली, तर बाहेरची वाढली! घड्याळ, चोरघंटा, इंजिनच्या संगणकाची स्मृती ही सारी उभ्या गाडीतही थोडी थोडी वीज घेतात. म्हणून तपासणी बाहेरूनच सुरू करावी. सगळे बंद करून थोडा वेळ थांबावे, ऋण टोकाची तार सोडवावी आणि तार व टोक यांच्यामध्ये १० अँपिअरपर्यंतचा अमीटर जोडावा. (तो जोडलेला असताना गाडी सुरू करू नये, अमीटर जळेल.) सुमारे ५० मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह सर्वसाधारण मानतात. पण मुलांना हिशेब करायला सांगा: दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे तीस दिवसांत ३६. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग उरले काय? आपल्या जूनमधल्या गाडीत कदाचित काहीच बिघडलेले नसेल.

प्रवाह याहून बराच जास्त दिसला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला काटा खाली येतो, त्या वाटेवर चोर. डिकीतला ५ वॅटचा दिवा पेटता राहिला तर तो एकटाच दिवसाला १० अँपिअर-तास खातो. आणि तार पूर्ण सोडवून ठेवलेली, नीट चार्ज केलेली बॅटरीही आठवडाभरात उतरली, तर मात्र दोष गाडीचा नाही, बॅटरीच्या पोटातला आहे.