राजा दुभाषी होतो तेव्हा

अनुवाद करताना मला सातव्या शतकातला एक प्रसंग वारंवार आठवतो. आजच्या इंग्लंडच्या ईशान्येला तेव्हा नॉर्थम्ब्रियाचं राज्य होतं. एडन नावाचा आयरिश बिशप तिथे उपदेश करतो आहे. पण त्याला तिथली इंग्रजी नीट येत नाही. राजाचे सरदार आणि सेवक त्याचं बोलणं दुभाष्याकडून ऐकताहेत. तो दुभाषी म्हणजे खुद्द राजा ऑस्वल्ड. बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने 731 मध्ये पूर्ण केलेल्या लॅटिन ग्रंथात हे नोंदवलं आहे. ते दृश्य फार सुंदर असे, असंही तो सांगतो.

राजाला आयरिश आली ती परागंदा झाल्यामुळे. 616 च्या सुमारास त्याचे वडील लढाईत मारले गेले, गादी शत्रूकडे गेली आणि लहानग्या ऑस्वल्डला उत्तरेकडे आयरिश भाषकांचा आश्रय घ्यावा लागला. तिथेच त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे राज्य परत मिळाल्यावर त्याने स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना बेटावर असलेल्या आयरिश मठाकडे बिशप मागितला.

आधी आलेला बिशप कडक होता. लोक ऐकेनात, तसा तो परत गेला आणि हे लोक अडाणी, हेकट आहेत असं त्याने मठाच्या सभेत सांगितलं. तिथे बसलेल्या एडनने त्याला हळूच सुचवलं, की तुम्हीच जरा कठोर झालात. तान्ह्या मुलाला आधी दूध द्यावं, जड अन्न नंतर. सभेने 635 मध्ये त्यालाच बिशप करून पाठवलं. ऐकणाऱ्याला समजलं नाही, तर बोलणाऱ्याने आधी आपलं वाक्य तपासावं, हा धडा मी इथून घेतला.

एडनने मठासाठी लिंडिसफार्न बेट निवडलं. भरतीच्या वेळी, दिवसातून दोनदा, त्याची वाट पाण्याखाली जाते. तो बहुधा पायीच हिंडे आणि वाटेत भेटेल त्या गरीब-श्रीमंताशी बोले. धनिकांनी दिलेल्या पैशांतून तो अन्यायाने विकल्या गेलेल्या गुलामांची सुटका करी. त्यांतल्या अनेकांना त्याने शिकवून धर्मगुरू केलं. बारा इंग्रज मुलांनाही त्याने शिष्य म्हणून घेतलं. मला यात दूरदृष्टी दिसते. राजाच्या जिभेवर कायम विसंबून कसं चालेल? 642 मध्ये ऑस्वल्ड लढाईत पडला. एडनचं काम मात्र थांबलं नाही. 31 ऑगस्ट 651 रोजी एका चर्चच्या बाहेरच्या टेकूखांबाला टेकून त्याने प्राण सोडला.

तेरा वर्षांनी व्हिटबीच्या मठात मोठा वाद झाला. ईस्टरची तारीख आयरिश पद्धतीने काढायची की रोमच्या? आयरिश बाजू लिंडिसफार्नचा तेव्हाचा बिशप कोलमन मांडत होता. दोन्ही पक्षांचा दुभाषी होता चेड, एडनच्याच मठात वाढलेला. राजाने कौल रोमला दिला. कोलमन बेट सोडून गेला. चेडने मात्र रोमची पद्धत स्वीकारली. याला फितुरी म्हणायला मी धजत नाही. दोन्ही बाजू जशाच्या तशा पोचवायच्या, तर दोन्ही आधी स्वतः नीट ऐकाव्या लागतात. आणि नीट ऐकणारा माणूस बदलू शकतो. दुभाष्याच्या कामातली ही जोखीमच आहे.

बीडही रोमच्याच बाजूचा. ईस्टरबाबत एडन चुकला, हे तो स्पष्ट लिहितो. तरी त्याची करुणा, साधेपणा, राजांपुढचा निर्भीडपणा तो हात न आखडता सांगतो. एडन आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः असा: दुसऱ्याच्या भाषेतून, मतभेद असलेल्या माणसाच्या लेखणीतून. आपल्याला न पटणारा लेखक अनुवादाला घेते, तेव्हा मी बीडची आठवण ठेवते.