सोमवारची भक्ती

आमच्या मंगरूळपीरच्या नावातच पीर आहे, दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे. त्यामुळे देवाचं नाव गाऊन घ्यायचं असतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण चर्चमध्ये अभंग? हो! आणि त्याचं बरंचसं श्रेय ना. वा. टिळकांना जातं.

नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' वाचायला सांगितला. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या.

मला वाटतं, नव्या श्रद्धेची खरी परीक्षा सोमवारी असते. परक्या चालीवरचं गाणं रविवारी म्हणून होतं, पण दळताना, पाणी भरताना ओठांवर येतं ते आईच्या वळणाचंच. टिळकांनी येशूसाठी अभंग आणि भजनं रचली, कीर्तनं केली. शंभराहून जास्त गाणी! 1917 मध्ये तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आणि लक्ष्मीबाई? त्यांनी 1900 मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पूर्ण केलं या बाईने, ओवीतच. देव बदलला, पण ओवी सुटली नाही. एवढा उत्साह कुठल्या मोटिव्हेशनल सेशनमधून येत असेल, असं मला तरी वाटत नाही. तुम्हाला?