प्राणायामाची मानसशास्त्रीय कसोटी : लोणावळा आणि येल

वडगाव मावळचे नाव निघाले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकांस १७७९ चा तह आठवतो. त्याच तालुक्यातील लोणावळ्यास विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी जे घडले, त्याकडे मात्र शैक्षणिक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचेही फारसे लक्ष गेलेले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करणारे, मूळचे केरळातील कोवूर बेहनन हे योग शिकण्यासाठी कैवल्यधामात येऊन राहिले.

कैवल्यधामाची स्थापना १९२४ मधील. संस्थापक स्वामी कुवलयानंद हे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरचे शिक्षक. योगक्रियांचे परिणाम यंत्राने मोजावेत असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठीच त्यांनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक चालविले. शाळांतील सामुदायिक व्यायामासाठी त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तकही लिहिले. मोजणीस न भिणारा असा गुरु संशोधकास क्वचितच लाभतो.

पुढे येल येथे प्राध्यापक वॉल्टर माइल्स यांच्या देखरेखीखाली बेहनन यांच्या श्वसनाची मोजणी झाली. प्राणायामाने प्राणवायूचा खर्च घटतो ही सर्वसाधारण समजूत. पण नेहमीच्या श्वसनाच्या मानाने उज्जायीत तो सुमारे २४.५, भस्त्रिकेत १८.५ व कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. बौद्धिक चाचण्यांचा निकाल तर अधिकच अनपेक्षित होता. बेरजा करणे, रंग ओळखून सांगणे यांसारख्या कामांत प्राणायामानंतर वेग मंदावलेला दिसला. साधनेने मनास मिळणाऱ्या स्वस्थतेचा स्वतः अनुभव घेतलेल्या अभ्यासकाने हा निष्कर्ष दडविला नाही. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो नमूद केला.

अर्थात प्रयोगकर्ता आणि प्रयोगविषय एकच, ही यातील उणीव उघड आहे. एका व्यक्तीवरून वर्गातील चाळीस मुलांविषयी काही सांगता येणार नाही. शिवाय क्रियेनंतर लगेच दिसणारा मंदपणा आणि वर्षभराच्या साधनेचा परिणाम या भिन्न गोष्टी होत. वेग म्हणजे अवधानही नव्हे. ‘योगाने विद्यार्थ्यांची एकाग्रता वाढते’ हा विषय पीएच.डी.साठी घेऊन येणाऱ्यास प्रस्तुत लेखक म्हणूनच प्रथम विचारील, की एकाग्रता आपण कशाने मोजणार, आणि क्रियेनंतर किती वेळाने?

माइल्स यांनी त्या श्वसनमापनाचा तपशीलवार वृत्तान्त १९६४ मध्ये, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी, प्रसिद्ध केला. कुवलयानंद १९६६ मध्ये निवर्तले.